एलईडीची जोडणी : आधी गणित, मग प्रकाश

गणेशोत्सव जवळ आला की मुंबईतील लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातील बुधवार पेठ या भागांतील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. कुणाला मखरासाठी रोषणाई करायची असते, कुणाला आकाशकंदील स्वतः तयार करायचा असतो, तर कुणाच्या मुलाचा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातील प्रकल्प अडलेला असतो. मूठभर एलईडी, नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि थोडी वायर घेऊन मंडळी उत्साहाने घरी परततात. एलईडी थेट बॅटरीला जोडला जातो, क्षणभर डोळे दिपतील असा प्रकाश पडतो आणि लगेच सारे विझते. दुकानदाराने खराब माल दिला, अशी समजूत करून घेऊन दुसरा एलईडी जोडला जातो. त्याचीही तीच गत होते.

खरे पाहता दोष मालाचा नसतो. एलईडीसोबत दुकानातून आणखी एक वस्तू आणायची राहून गेलेली असते, ती म्हणजे रोधक. इंग्रजीत ज्याला रेझिस्टर म्हणतात आणि दुकानदार ज्याला सरसकट ‘रेझिस्टन्स’ म्हणतो, तो हा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, रंगीत पट्ट्यांचा तुकडा. त्याची किंमत अगदी नगण्य असते. पण एलईडी काही सेकंद जगणार की काही वर्षे, हे तोच ठरवतो. त्याची निवड कशी करावी आणि जोडणी करताना कोणत्या चुका टाळाव्यात, याची ही माहिती.

एलईडी म्हणजे काय?

एलईडी म्हणजे प्रकाशोत्सर्जक डायोड. अर्धवाहक पदार्थाच्या छोट्याशा कणातून विशिष्ट दिशेने विद्युतप्रवाह गेला की त्यातून प्रकाश बाहेर पडतो. अशा पदार्थातून प्रकाश पडत असल्याची नोंद हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये केली होती. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा उपयुक्त एलईडी मात्र निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये तयार केला. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी त्यानंतर तीस वर्षे वाट पाहावी लागली. तो साध्य करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज घरोघरी दिसणारा पांढरा एलईडी हा मुळात निळाच असतो. त्यावरील पिवळसर प्रकाश देणाऱ्या लेपामुळे दोन्ही रंग मिसळून पांढरा प्रकाश दिसतो.

हा इतिहास जोडणीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लाल प्रकाशकणापेक्षा अधिक असते. त्यामुळे निळा एलईडी पेटवण्यासाठी व्होल्टताही अधिक लागते. साधारणपणे लाल आणि पिवळ्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट, तर निळ्या आणि पांढऱ्या एलईडीला ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. हिरव्यात दोन जाती आहेत. जुन्या पद्धतीचा पोपटी छटेचा हिरवा सुमारे २ व्होल्टवर, तर आजचा गडद, तेजस्वी हिरवा ३ व्होल्टच्या वर पेटतो. रंग बदलला की गणित बदलते, हे पहिले सूत्र.

बल्ब आणि एलईडी यांतील फरक

जुन्या पिवळ्या बल्बला रोधक लागत नसे, मग एलईडीलाच का लागतो, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. बल्बमधील टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. थंड असतानाच्या तुलनेत तो दहापटीहून अधिक होतो. म्हणजे बल्ब स्वतःतून जाणाऱ्या प्रवाहाला स्वतःच लगाम घालतो. त्याला ठरलेली व्होल्टता दिली की पुरे.

एलईडीचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. ठरावीक व्होल्टतेपर्यंत त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह जात नाही. ती मर्यादा ओलांडली की व्होल्टतेतील एक-दोन दशांशाच्या वाढीनेही प्रवाह कित्येक पटींनी वाढतो. शिवाय एलईडी तापला की तोच प्रवाह वाहण्यासाठी त्याला कमी व्होल्टता पुरते. साहजिकच व्होल्टता तेवढीच ठेवली तर प्रवाह आणखी वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो आणि हे दुष्टचक्र एलईडी जळेपर्यंत चालते. म्हणूनच ‘हा तीन व्होल्टचा एलईडी आहे, त्याला तीन व्होल्ट दिले की झाले’ हा विचार फसवा ठरतो. एलईडीला व्होल्टता मोजून देण्यापेक्षा प्रवाह मोजून द्यावा लागतो. तो मोजून देण्याचे काम रोधक करतो.

चावीच्या साखळीला अडकवलेल्या छोट्या टॉर्चमध्ये रोधक नसतो, तरी तो कसा चालतो, असे कुणी विचारील. त्यातील गोल नाण्यासारख्या सेलचा अंतर्गत रोध इतका असतो की तोच रोधकाचे काम करतो. हा अपवाद पाहून नऊ किंवा बारा व्होल्टला एलईडी थेट जोडू नये.

पाय ओळखा

एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे जोडणीआधी त्याचे दोन पाय ओळखता आले पाहिजेत. नव्या एलईडीचा लांब पाय धनाग्र असतो, तो बॅटरीच्या धन टोकाच्या बाजूस यावा लागतो. आखूड पाय ऋणाग्र. पाय कापून सारखे केले असतील तर गोल कडेला बोट लावून पाहावे. एका बाजूस कड सपाट केलेली असते, तेथील पाय ऋणाग्र. एलईडीच्या आत दिसणारा मोठा तुकडा बहुधा ऋणाग्राचा असतो. पण ही खूण सर्व जातींना लागू पडत नाही, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये. खात्री करायची असेल तर तीन व्होल्टच्या नाण्यासारख्या सेलच्या दोन्ही बाजूंस पाय क्षणभर टेकवून पाहावेत. पेटला तर सेलच्या धन बाजूचा पाय धनाग्र होय.

एलईडी उलटा जोडला तर काय होते? तीन-चार व्होल्टला काहीच होत नाही, तो फक्त पेटत नाही. पण बहुतेक एलईडी उलट दिशेने सुमारे ५ व्होल्टपर्यंतच सुरक्षित मानले जातात. नऊ किंवा बारा व्होल्टला उलटा जोडून ठेवलेला एलईडी कायमचा बिघडू शकतो.

रोधकाला मात्र उलटसुलट नसते. तो धनाग्राच्या बाजूस लावावा की ऋणाग्राच्या, यावर विद्यार्थ्यांत नेहमी वाद होतात. दोन्ही बरोबर आहेत. एकाच मार्गाने जाणारा प्रवाह त्या मार्गात सगळीकडे सारखाच असतो. नळाची तोटी पाइपाच्या सुरुवातीला असो की शेवटी, पाणी तेवढेच येते.

रोधकाचे गणित

जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला आणि शालेय पाठ्यपुस्तकात सर्वांनी पाठ केलेला नियम येथे उपयोगी पडतो. बॅटरीच्या व्होल्टतेतून एलईडीची व्होल्टता वजा करावी. उरलेल्या व्होल्टतेला हव्या असलेल्या प्रवाहाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे रोधकाचे मूल्य, ओहममध्ये.

पाच मिलिमीटरच्या साध्या एलईडीसाठी २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर, हा नेहमीचा कमाल प्रवाह धरला जातो. नऊ व्होल्टची बॅटरी आणि लाल एलईडी असेल तर ९ वजा २ बरोबर ७. त्याला ०.०२ ने भागले की ३५० ओहम. बाजारात सहज मिळणाऱ्या मालिकेत ३३० आणि ३९० अशी मूल्ये असतात. अशा वेळी नेहमी वरचे मूल्य घ्यावे. ३९० ओहमला प्रवाह सुमारे १८ मिलिअँपिअर होतो. प्रकाशात पडणारा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, एलईडीचे आयुष्य मात्र वाढते.

पांढऱ्या एलईडीसाठी हेच गणित नऊ व्होल्टला २९० ओहम येते, म्हणून ३३० ओहम घ्यावा. मोबाइलच्या पाच व्होल्टच्या चार्जरवर लाल एलईडीला १५० आणि पांढऱ्याला १०० ओहम पुरतो. बारा व्होल्टच्या अॅडॅप्टरवर लाल एलईडीला ५६०, तर पांढऱ्याला ४७० ओहम.

आकडेमोड करायची नसेल किंवा एलईडीच्या जातीबद्दल शंका असेल तर १ किलोओहमचा रोधक लावून सुरुवात करावी. पाच ते बारा व्होल्टपर्यंत कोणत्याही रंगाच्या एका एलईडीला तो सुरक्षित ठेवतो. आजचे एलईडी इतके प्रखर असतात की निदर्शक दिव्यासाठी एवढा प्रकाश बहुधा पुरेसा होतो.

गणिताची दुसरी पायरी बरेच जण विसरतात. रोधकात अडवलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. रोधकावरील व्होल्टता गुणिले प्रवाह केले की ती वॉटमध्ये मिळते. वरील नऊ व्होल्टच्या उदाहरणात ७ गुणिले ०.०१८ म्हणजे सुमारे ०.१३ वॉट. नेहमीचा रोधक पाव वॉटचा असतो, त्याला हे झेपते. बारा व्होल्टवर एकटा लाल एलईडी लावला तर हा आकडा ०.१८ वॉटपर्यंत जातो. रोधक चांगलाच तापतो. अशा ठिकाणी अर्ध्या वॉटचा घ्यावा. थर्माकोल, कागद किंवा कापड यांच्या सजावटीत तर हे पथ्य काटेकोरपणे पाळावे.

रंगीत पट्ट्यांची भाषा

रोधकावर आकडे छापलेले नसतात. रंगांच्या पट्ट्या असतात. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८ आणि पांढरा ९. चार पट्ट्यांच्या रोधकात पहिल्या दोन पट्ट्या आकडे सांगतात, तिसरी पट्टी पुढे किती शून्ये द्यायची ते सांगते. चौथी, बहुधा सोनेरी, पट्टी मूल्यात पाच टक्के कमी-अधिक असू शकते असे सुचवते. वाचताना सोनेरी पट्टी उजव्या हाताला ठेवावी.

नारंगी, पांढरा, तपकिरी म्हणजे ३, ९ आणि एक शून्य, अर्थात ३९० ओहम. पिवळा, जांभळा, तपकिरी म्हणजे ४७०. तपकिरी, काळा, लाल म्हणजे १ किलोओहम. नजरचूक होते ती तिसऱ्या पट्टीत. तपकिरी, काळा, काळा असा रोधक केवळ १० ओहमचा असतो. तो १ किलोओहमच्या जागी लागला तर रोधक असूनही एलईडी जळतो. पाच पट्ट्यांच्या रोधकात पहिल्या तीन पट्ट्या आकड्यांच्या असतात. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात लाल, नारंगी आणि तपकिरी यांत गल्लत होते, तेव्हा मल्टिमीटरने मोजून घेणे उत्तम.

एकसर की समांतर?

एकापेक्षा अधिक एलईडी लावायचे असले की खरी कसोटी लागते. सर्वांत जास्त आढळणारी चूक अशी : सर्व एलईडींचे धनाग्र एकत्र, सर्वांचे ऋणाग्र एकत्र आणि सगळ्यांना मिळून एकच रोधक. कोणतेही दोन एलईडी तंतोतंत सारखे नसतात. ज्याला किंचित कमी व्होल्टता पुरते तो आपल्या वाट्यापेक्षा जास्त प्रवाह ओढतो, अधिक तापतो आणि आधी जातो. तो तुटला की त्याचा प्रवाह उरलेल्यांवर पडतो आणि एकामागून एक सगळेच बळी पडतात. लाल आणि पांढरा अशा प्रकारे एकत्र जोडले तर फक्त लाल पेटतो, कारण तो व्होल्टता २ च्या आसपासच धरून ठेवतो. पांढरा ‘खराब’ म्हणून फेकून दिला जातो; तो बिचारा धडधाकट असतो.

समांतर जोडणीत प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रोधक, हा नियम म्हणूनच अपरिहार्य आहे.

एकसर जोडणी अधिक काटकसरीची. तीत एकाचे ऋणाग्र पुढच्याच्या धनाग्राला जोडत साखळी करतात. साऱ्या साखळीतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे एक रोधक पुरतो. मात्र एलईडींच्या व्होल्टतांची बेरीज करावी लागते. समजा, मखरासाठी तीस पांढरे एलईडी आणि बारा व्होल्टचा अॅडॅप्टर आहे. तीन पांढऱ्यांची बेरीज सुमारे ९.६ व्होल्ट होते, उरतात २.४. साखळीला १५० ओहमचा रोधक लावला तर प्रवाह १६ मिलिअँपिअर होतो. अशा दहा साखळ्या परस्परांना समांतर जोडल्या की एकूण १६० मिलिअँपिअर, म्हणजे दोन वॉटहूनही कमी वीज लागते. याउलट तीसही एलईडींना स्वतंत्र रोधक लावून बारा व्होल्टला जोडले तर साडेसहा वॉटहून अधिक वीज लागेल आणि तिचा पाऊण हिस्सा केवळ रोधक तापवण्यात खर्च होईल.

एका साखळीत चार पांढरे एलईडी घालण्याचा मोह मात्र टाळावा. बेरीज १२.८ होते. बारा व्होल्टवर ते अगदी मंद पेटतील किंवा पेटणारच नाहीत. रोधकासाठी काही व्होल्ट शिल्लक राहिलेच पाहिजेत, कारण प्रवाहावरील नियंत्रण त्या शिलकीतूनच येते.

‘बारा व्होल्ट’ नेहमी बाराच नसतात

जुन्या, जड, आत ट्रान्सफॉर्मर असलेल्या अॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलेले असले तरी थोडा भार असताना तो १५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक देऊ शकतो. वर पाहिलेल्या तिनाच्या साखळीला १५ व्होल्ट मिळाले तर प्रवाह १६ वरून ३६ मिलिअँपिअरवर जातो. मोटारीतही तसेच. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास असते. इंजिन सुरू झाले की ती १४.४ व्होल्टपर्यंत पोहोचते. डॅशबोर्डवरील गणपतीपुढे तीन पांढऱ्या एलईडींचा दिवा लावायचा असेल तर गणित १४.४ धरूनच करावे. तेथे १५० ऐवजी २७० ओहमचा रोधक योग्य ठरतो आणि वायर फ्यूजमधूनच घ्यावी. कागदावरील आकड्यापेक्षा मल्टिमीटरवरील आकडा खरा मानावा.

घरातील प्लगपासून दूर

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. हाताने जोडलेली एलईडीची माळ घरातील प्लगला थेट लावू नये. मोठा रोधक घातला तरीही नाही. आपल्याकडील २३० व्होल्टचा पुरवठा प्रत्यक्षात दर आवर्तनात ३२५ व्होल्टच्या शिखरापर्यंत जातो आणि दिशाही बदलतो. एलईडीची उलट दिशेची सहनशक्ती अवघ्या ५ व्होल्टची. दहा मिलिअँपिअरसाठी लागणारा रोधक दोन वॉटहून अधिक उष्णता बाहेर टाकतो. पाव वॉटचे नेहमीचे रोधक तर साधारण २५० व्होल्टपर्यंतच वापरण्यासाठी बनवलेले असतात.

याहून गंभीर गोष्ट अशी की अशा जोडणीत वायरचा प्रत्येक उघडा सांधा माणसाला जीवघेणा धक्का देऊ शकतो. एलईडी मंद आहे, लहान आहे, म्हणून वीजही ‘लहान’ असेल, ही समजूत घातक आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त माळा आतून मुख्य पुरवठ्यालाच जोडलेल्या असतात. त्यांतील विझलेला एलईडी बदलायचा किंवा सांधा नीट करायचा तर आधी बटण बंद करून न थांबता प्लगच काढून घ्यावा. मखराजवळ ओली फुले, निरांजन, पाण्याचा तांब्या आणि लहान मुलांचे हात असतात, याचे भान ठेवावे.

सुरक्षित मार्ग सोपा आहे. पाच व्होल्टचा मोबाइल चार्जर किंवा बारा व्होल्टचा, भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणी चिन्ह असलेला अॅडॅप्टर घ्यावा आणि सारी कलाकुसर त्याच्या पुढे करावी. घरातील एलईडी बल्बच्या आतही प्रवाहाला लगाम घालणारे स्वतंत्र मंडल असतेच. मोठ्या प्रमाणावर प्रकाश हवा असेल तेथे रोधकाऐवजी तेच योग्य. रोधकाची पद्धत लहान एलईडींसाठी आहे.

पेटत नसेल तर

जोडणी पूर्ण झाल्यावर वीज देण्यापूर्वी एकदा बोटाने मार्ग गिरवून पाहावा : धन टोक, रोधक, लांब पाय, आखूड पाय, ऋण टोक. एलईडी मुळीच पेटला नाही तर प्रथम तो उलटा नाही ना, हे पाहावे. मग पुरवठा मोजावा. साखळीतील एकही पेटत नसेल तर एखादा उलटा लागलेला किंवा सांधा सुटलेला असतो. सगळे मंद असतील तर रोधकाचे मूल्य दहापट जास्त असण्याची शक्यता मोठी. क्षणभर प्रखर पेटून विझला तर रोधक नाही किंवा फार लहान आहे. नवा एलईडी लावण्याआधी कारण शोधावे, नाही तर तोही जाईल. सोल्डरिंग करताना पाय दोन-तीन सेकंदांहून जास्त तापवू नये. शक्यतो आधी ब्रेडबोर्डवर जोडून पाहावे आणि मगच सांधे पक्के करावेत.

शाळेच्या प्रदर्शनात पहिला एलईडी जळाला की मूल हिरमुसते आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवून टाकते. वास्तविक त्या क्षणी त्याच्यासमोर ओहमचा नियम प्रत्यक्ष उभा असतो. वहीच्या कोपऱ्यात एक वजाबाकी आणि एक भागाकार करून, त्यानुसार निवडलेल्या रोधकासह एलईडी पेटला आणि पेटता राहिला, तर पाठ्यपुस्तकातील ते रुक्ष वाक्य त्या मुलाच्या आयुष्यभर लक्षात राहील. यंदाच्या मखरासाठी खरेदीला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि दुकानदाराला रोधकाचे मूल्य त्यालाच सांगू द्या.